सुरतेची एलायझा, अ‍ॅबर्डीनची कॅथरीन: एका स्कॉटिश वंशशोधाचं प्रकरण

जून 2013 मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'नं बातमी दिली की प्रिन्स विल्यमच्या पूर्वजांमध्ये एक भारतीय स्त्री आहे आणि हा धागा त्याला आईकडून, म्हणजे डायनाकडून, मिळालेला आहे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही ती बातमी उत्साहानं छापली. इंग्लंडचा भावी राजा थोडासा आपला निघाला, याचं कौतुक झालं आणि विषय मागे पडला.

मला या प्रकरणात राजपुत्रापेक्षा त्यामागचा शोध फार मोलाचा वाटतो. दोनशे वर्षं, सात पिढ्या, सुरतेचं बंदर आणि अ‍ॅबर्डीनची ग्रॅनाइटची घरं एवढा पल्ला या शोधानं गाठला, आणि तोही सगळा बायकांच्या बाजूनं. स्कॉटिश वंशावळ शोधताना कुठले कागद कामाला येतात, ते कुठे संपतात, दूरचे नातेवाईक कशासाठी शोधावे लागतात आणि डीएनए नेमकं काय सांगतो, हे सगळं या एका प्रकरणात पाहायला मिळतं.

घरात काय माहीत होतं

डायनाची आईकडची आजी रूथ, लेडी फरमॉय, ही अ‍ॅबर्डीनची. जन्म 1908 चा, माहेरचं आडनाव गिल. उत्तम पियानो वाजवणारी, पुढे राजमातेच्या जवळच्या वर्तुळात वावरलेली. तिच्या आईचंही नाव रूथ. तिचं माहेर लिटलजॉन. तिची आई जेन क्रॉम्बी आणि जेनची आई कॅथरीन स्कॉट फोर्ब्स. या कॅथरीनचा जन्म 1812 चा, सुरतेचा. वडील थिओडोर फोर्ब्स, आई एलायझा केवर्क.

म्हणजे एलायझाचं नाव वंशावळीत आधीपासून होतं. वंशावळकारांनी तिच्यापुढे 'आर्मेनियन' असं लिहून ठेवलं होतं आणि पुढच्या पिढ्यांनी ते तसंच पुढे नेलं. त्याला आधारही होता. केवर्क हे आर्मेनियन नाव आहे, आणि सुरतेत आर्मेनियन व्यापाऱ्यांची जुनी वस्ती होती. त्यांची कबरस्तानं आजही तिथे आहेत. मुंबईच्या फोर्टात 1796 सालचं आर्मेनियन चर्च आहे, तेही याच व्यापारी लोकांचं.

प्रश्न एवढाच होता की 'आर्मेनियन' ही एलायझाची पूर्ण ओळख होती की अर्धी? एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश घराला आपली एक आजी आर्मेनियन, म्हणजे ख्रिस्ती, होती हे सांगणं सोपं होतं. ती हिंदुस्थानी होती हे सांगणं अवघड होतं. वंशावळीतला असा सोयीचा शब्द दिसला की तिथे थांबून पाहावं, कारण घरानं काही झाकलं असेल तर ते बहुतेक अशाच शब्दाखाली असतं.

थिओडोर आणि एलायझा

थिओडोर 1788 सालचा. अ‍ॅबर्डीनशायरच्या उत्तरेला, फ्रेझरबर्गजवळ, बॉइंडली नावाची फोर्ब्सांची जहागीर आहे, त्या घरातला. स्कॉटलंडमध्ये जमीन थोरल्या मुलाकडे जायची आणि धाकट्यांना बाहेरची वाट धरावी लागायची. त्या काळात ती वाट बऱ्याचदा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीची असे. कंपनीतल्या जागा ओळखीनं मिळत आणि स्कॉटिश पुढारी हेन्री डंडास यांच्या वजनामुळे स्कॉट मुलांची तिथे चांगलीच वर्णी लागली होती.

फोर्ब्स हे नाव मुंबईकरांना नवं नाही. अ‍ॅबर्डीनशायरच्याच जॉन फोर्ब्स यांनी 1767 मध्ये मुंबईत व्यापारी पेढी काढली. तीच पुढची फोर्ब्स कंपनी. काळा घोड्याजवळच्या एका रस्त्याचं जुनं नाव फोर्ब्स स्ट्रीट आहे, टाउन हॉलमध्ये सर चार्ल्स फोर्ब्स यांचा पुतळा आहे, आणि पाण्याच्या फिल्टरवरच्या 'युरेका फोर्ब्स'मधलं फोर्ब्सही तिथूनच आलेलं. थिओडोर पुढे या पेढीशी जोडला गेला. पण आडनाव एक म्हणजे रक्त एक, असं स्कॉटलंडमध्ये गृहीत धरू नये. क्लॅनच्या, म्हणजे स्कॉटिश कुळाच्या, प्रमुखाच्या जमिनीवर राहणाऱ्या, त्याच्या आश्रयाला आलेल्या माणसांनीही त्याचंच आडनाव लावलेलं असायचं. जुळणारं आडनाव पाहून थेट किल्ल्याच्या धन्यापर्यंत वंशावळ नेणारे फार असतात, आणि त्यांची चूक बहुधा याच पायरीवर होते.

थिओडोर सुरतेत होता, मध्ये काही काळ येमेनमधल्या मोखा बंदरातही होता. एलायझापासून त्याला कॅथरीन आणि अलेक्झांडर अशी दोन मुलं झाली. तिसरा, फ्रेझर, तान्हेपणीच गेला. मग थिओडोर मुंबईला आला. एलायझा सुरतेतच राहिली, आणि तिथून ती पत्रं पाठवत राहिली. लेखनिकाकडून लिहवून घेतलेली, स्वतःला मुंबईला बोलावून घ्यावं म्हणून विनवणारी ती पत्रं. त्यांत आर्मेनियन लिपीतली अक्षरं असल्याचंही सांगितलं गेलं. फोर्ब्स घराण्याच्या कागदांत ती पत्रं टिकली, आणि तिचा स्वतःचा म्हणावा असा आवाज तेवढा त्यांतच उरला. कॅथरीनला लहान वयातच स्कॉटलंडला पाठवून दिलं. थिओडोर 1820 मध्ये मायदेशी परतताना जहाजावरच वारला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मृत्युपत्रात त्यानं एलायझाचा उल्लेख आपली घर सांभाळणारी बाई असा केला आहे.

ज्या बाईपासून तीन मुलं झाली, तिच्याबद्दल असं लिहिलेलं वाचताना त्रास होतो. शोधणाऱ्यानं मात्र तो कागद बाजूला सारू नये. मुलांची तरतूद करायची तर त्यांची आणि आईची ओळख मृत्युपत्रात सांगावीच लागते, आणि त्या लिहिण्यामुळेच सुरतेचं घर आणि अ‍ॅबर्डीनचं घर कागदावर एकमेकांना जोडली गेली. कंपनीच्या काळातल्या असंख्य हिंदुस्थानी स्त्रियांची नावं मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतही आली नाहीत. आईच्या जागी नुसतं 'नेटिव्ह बाई' एवढंच. एलायझाचं नाव, आडनाव आणि पत्रं राहिली, हे त्या मानानं भाग्यच म्हणायचं.

स्कॉटलंडचे कागद

आता उलट दिशेनं, अलीकडून पलीकडे जाऊ. वंशशोधाची रीत तीच: माहीत असलेल्या माणसापासून सुरुवात करायची आणि एकही पिढी न गाळता मागे जायचं.

स्कॉटलंडमध्ये 1 जानेवारी 1855 पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. इंग्लंडमध्ये ती अठरा वर्षं आधीच सुरू झाली होती, पण स्कॉटिश नोंद कितीतरी भरगच्च. जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतंच. शिवाय बहुतेक वर्षांच्या नोंदीत आईवडिलांचं लग्न कुठे आणि कधी झालं तेही असतं. विवाहाच्या नोंदीत वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट. मृत्यूच्या नोंदीत मेलेल्या माणसाच्या आईचं आणि वडिलांचं नाव. पहिल्या वर्षी, 1855 मध्ये, तर आईवडिलांची वयं, जन्मगावं आणि आधीच्या मुलांचीही माहिती मागितली होती; ते काम निबंधकांना झेपेना म्हणून पुढच्या वर्षी फॉर्म आटोपशीर केला. ज्याच्या पूर्वजाची नोंद नेमकी 1855 ची निघते, त्यानं नशीब काढलं.

त्यामुळे या प्रकरणातल्या पायऱ्या सरळ उतरता येतात. 1908 च्या रूथ गिलच्या जन्मनोंदीतून तिच्या आईचं, रूथ लिटलजॉनचं, लग्न सापडतं. 1879 साली जन्मलेल्या या थोरल्या रूथच्या नोंदीतून तिची आई जेन क्रॉम्बी आणि तिचं लग्न सापडतं. जेनच्या लग्नाच्या नोंदीचा नमुनाच असा की तिच्या आईचं माहेर त्यात लिहावं लागतं. आई आणि लेक दोघींचं नाव रूथ, आणि नातीचंही, म्हणजे डायनाच्या आईचं, फ्रान्सिस रूथ. पण माहेरचं आडनाव प्रत्येक कागदावर असल्यानं एकीची नोंद दुसरीच्या नावावर चढत नाही.

हे वाचताना आपल्या घरांची आठवण येतेच. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पुष्कळ घरांत नावही बदलायचं. माहेरची कमल सासरी सुमती झाली की दोन घरांच्या कागदांत दोन वेगळ्या बाया. आपली पणजी कुणाची लेक हे विचारलं तर किती जणांना सांगता येईल? महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नाव लिहायची तरतूद झाली, ती मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. दोनशे वर्षांनंतर शोधणाऱ्याला त्या एका शब्दाचा केवढा आधार होईल!

स्कॉटलंडचे हे सगळे दस्त 'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. एडिंबरामधल्या केंद्रात जाऊनही पाहता येतात. जिवंत माणसांचा खासगीपणा सांभाळण्यासाठी जन्माच्या नोंदीची प्रतिमा शंभर वर्षांनी, विवाहाची पंच्याहत्तर आणि मृत्यूची पन्नास वर्षांनी ऑनलाइन खुली होते.

1855 च्या मागे गेलं की वाट अरुंद होते. तिथे उरतात ती चर्चची परगणावार बाडं, सर्वांत जुनी 1553 ची. कुठे नीट लिहिलेली, कुठे पानंच गहाळ. कॅथरीनचं लग्न जेम्स क्रॉम्बीशी 1837 मध्ये अ‍ॅबर्डीनला झालं. अ‍ॅबर्डीनजवळच्या लोकरी कापडाच्या गिरण्यांशी क्रॉम्बी घराण्याचं नाव जोडलेलं आहे. त्या काळच्या विवाहनोंदीत पुष्कळदा वधूवरांची नावं आणि लग्नाची पुकारणी, म्हणजे चर्चमध्ये आधी केलेली जाहीर घोषणा, एवढंच असतं. जेन 1843 ची, आणि त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळं झालं. आपल्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन इथे मुंबईत बसून त्याच फुटीत मूळ चर्चमधून बाहेर पडले होते. त्या वर्षानंतर हजारो कुटुंबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी जुन्या बाडांत सापडत नाहीत. त्या दुसऱ्या चर्चच्या वहीत शोधाव्या लागतात. मूल नोंदलंच गेलं नाही असं समजून हात टेकण्याआधी कुटुंब कुठल्या चर्चचं होतं हे पाहावं.

कॅथरीनच्या पलीकडे स्कॉटलंडचे कागद संपतात. 1851 पासूनच्या जनगणनेत जन्मस्थान लिहिलेलं असतं. परदेशी जन्मलेल्यांपुढे बहुधा नुसता देश. तिथून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जायचं. इंडिया ऑफिसच्या दप्तरात तिन्ही इलाख्यांतल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती आहेत. मुंबई इलाख्याची मालिका 1709 पासूनची, आणि सुरत त्याच इलाख्यात. यातला बराच भाग आता ऑनलाइन आहे. खडकी, देवळाली, इगतपुरी, भुसावळ इथल्या ज्या घरांत एखादा स्कॉटिश पणजोबा सैन्यातला किंवा रेल्वेतला होता असं सांगतात, त्यांनाही वाट हीच.

मावसनात्याचा पुरावा

कागद एलायझापर्यंत पोचले आणि थांबले. ती कुणाची लेक, हे कागद सांगेनात. इथे डीएनए कामाला आला, आणि इथेच दूरच्या नातेवाइकांची गरज लागली.

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मुलांना फक्त आईकडून मिळतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांत तो येतो. पण पुढे देते ती फक्त मुलगी. त्यात बापाची भेसळ होत नाही, म्हणून पिढ्यानुपिढ्या तो जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. बाकीचा डीएनए दर पिढीला सरासरी निम्मा होत जातो. एलायझा विल्यमच्या सात पिढ्या मागे. म्हणजे तिच्याकडून त्याला आलेला वाटा सरासरी एकशे अठ्ठाविसावा, एक टक्क्याहूनही कमी. तोही प्रत्येकात सारखा येत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा धागा मात्र एलायझापासून कॅथरीन, जेन, रूथ, रूथ, फ्रान्सिस, डायना असा अखंड आहे, कारण मध्ये एकही पुरुष नाही.

राजपुत्राची थुंकी तपासायला मिळणार नव्हती, आणि तशी गरजही नव्हती. कॅथरीनच्या लेकींच्या लेकी, त्यांच्या लेकी अशी वेगळी फांदी उतरत गेलं की जे नातेवाईक भेटतील, त्यांच्यातही तोच धागा असणार. आपल्या भाषेत सांगायचं तर मावशीची लेक, तिची लेक, असं मावसनातं धरून खाली यायचं. हे काम वर चढण्यापेक्षा अवघड. प्रत्येक पिढीतल्या सगळ्या बहिणी शोधायच्या, त्यांची लग्नं शोधायची, नवं आडनाव धरून त्यांच्या मुली शोधायच्या, आणि मुलग्यांपाशी आलं की मातृवंशाचा धागा तिथे पुढच्या पिढीसाठी संपला असं समजायचं. या प्रकरणात असे दोन दूरचे नातेवाईक मिळाले. 'ब्रिटन्सडीएनए' या कंपनीनं चाचणी केली; एडिंबरा विद्यापीठाचे आनुवंशिकीतज्ज्ञ जिम विल्सन त्यात प्रमुख होते. दोघांतही मातृवंशाचा एकच गट निघाला: आर-तीस-बी. हा गट दक्षिण आशियातला, आणि दुर्मीळ. तोवर माहीत असलेली मोजकी उदाहरणं भारतातली होती आणि एक नेपाळमधलं.

दोन नातेवाइकांचा निकाल एक येणं हेही महत्त्वाचं. एकट्याचा निकाल आला असता तर मध्ये कुठे दत्तक मूल, कुठे चुकीची नोंद अशी शंका उरली असती. मातृवंशानं जोडलेल्या दोन माणसांत असा दुर्मीळ गट एकच निघाला की दोघांच्या सामाईक आजीपर्यंतची वंशावळ खरी असल्याचा तो पुरावा होतो. कागदांनी डीएनएला वाट दाखवली आणि डीएनएनं कागद तपासून दिले.

निकालाचा अर्थ

बातम्यांत सूर असा लागला की एलायझा आर्मेनियन नव्हतीच, ती भारतीय होती. चाचणी एवढं सांगत नाही. चाचणी सांगते ती एलायझाच्या आईची, तिच्या आईची, अशी फक्त एकच रेघ. एलायझाचा बाप आर्मेनियन असू शकतो. किंबहुना केवर्क हे नाव आणि पत्रांतल्या लिपीबद्दल सांगितलं गेलेलं लक्षात घेतलं तर मला तेच सर्वांत पटतं. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या व्यापाऱ्यांच्या घरांत स्थानिक स्त्रिया आल्या असणं अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा जुन्या वंशावळकारांचं 'आर्मेनियन' आणि प्रयोगशाळेचं 'दक्षिण आशियाई' ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. प्रयोगशाळेच्या उत्तरानं वंशावळीच्या शब्दाला खोटं पाडलं नाही, त्यातला गाळलेला अर्धा भाग भरून काढला.

दुसरी गोष्ट संमतीची, आणि इथे मला या प्रकरणात खटकतं. दोन नातेवाइकांनी स्वखुशीनं नमुना दिला, ते ठीक. पण त्यांच्या निकालावरून एका तिसऱ्या, जिवंत माणसाच्या शरीरातली माहिती जगभर छापली गेली, आणि त्याला विचारलेलं नव्हतं. तो राजपुत्र होता म्हणून फारसं कुणाला वाईट वाटलं नाही. सामान्य घरात हेच झालं तर? डीएनए एकट्याचा कधीच नसतो. आपण चाचणी केली की आपल्या मावशीची, तिच्या मुलांची, नातवंडांची माहितीही थोडी उघडी होते.

म्हणून दूरच्या नातेवाइकाला पहिलं पत्र लिहिताना चाचणीची गोष्ट काढूच नये असं माझं मत आहे. आधी आपली वंशावळ पाठवावी, दोन्ही घरांचा सामाईक पूर्वज दाखवणारी एकदोन नोंदींची प्रत जोडावी आणि त्यांच्या घरात त्या माणसाबद्दल काय सांगतात ते विचारावं. जिवंत माणसांची नावं आणि तारखा पहिल्या पत्रात नकोत. त्यांच्याकडे एखादं जुनं बायबल असतं, त्याच्या कोऱ्या पानांवर मुलांच्या जन्मतारखा लिहिलेल्या असतात. स्कॉटिश घरांत ही रीत होती आणि त्या पानांत सरकारी दप्तरात नसलेलं पुष्कळ सापडतं. चाचणीचा विषय पुढे निघाला तर निकालात काय काय निघू शकतं, हे आधीच स्पष्ट सांगावं: वेगळा बाप, दत्तक गेलेलं मूल, वेगळा वंश. ऐकून समोरचा नको म्हणाला तर तिथेच थांबावं आणि दुसरी फांदी शोधावी. कॅथरीनच्या वंशात पुरेशा लेकी होत्या, म्हणून इथे दुसरी फांदी मिळू शकली.

ज्यांचा मातृवंशाचा गट आर-तीस-बी निघेल, त्यांनी लगेच डायनाशी नातं जोडू नये. हा गट हजारो वर्षांचा आहे. दोघांची सामाईक आजी इतिहासाच्याही आधीची असू शकते. आणि एलायझाच्या मुलाच्या, अलेक्झांडरच्या, वंशजांत हा धागा मुळी उतरणारच नाही. त्या फांदीचा माग काढायचा तर मुंबई इलाख्याच्या नोंदी, मृत्युपत्रं आणि सर्वसाधारण डीएनए-जुळणी याच वाटेनं जावं लागेल, आणि तेही लवकर. दर पिढीला ती जुळणी निम्मी होत चालली आहे.